कापसाचा बोळा

हिल्मा राउतिओच्या दुकानाला घंटी नाही.
दार नीट लागत नाही, तेच करकरतं,
आणि ती मान वर न करता म्हणते, "पाय झटका."
पूर्वी इथं पेट्रोल पंप होता. दमट हवेत अजून वास येतो.
भिंतभर खिळे, खिळ्यांना धनुष्यं,
प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी:
'सायमा. दोरी उसवली.'
'लव्हर्न, पोस्टवाला. कॅम वाकडी. झाडावरून पडलं म्हणतो. गाडीखाली आलंय.'
'गसचा मुलगा. प्लास्टिकचं. शुक्रवारच्या आत. वाढदिवस.'

गावात कुणालाही विचारा,
हिल्माचा काही नेम नाही, म्हणतील.
स्वभावाचा म्हणे. बाणाचा आहे,
अडुसष्टाव्या वर्षीही.
एकाला तीन आठवडे टांगून ठेवते,
दुसऱ्याचं उभ्या उभ्या करून देते
आणि पैसे काढले की चिडते.

ऑगस्टात मी माझं नेलं.
तीन तुकड्यांचं, अक्रोडी मूठ, दोन पाती.
पन्नास पौंडांचं, हे मी दोनदा सांगितलं.
तिनं दोरी चढवलीच नाही.
बरणीतून कापसाचा बोळा काढला,
पात्याच्या पाठीवरून फिरवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
वरच्या पात्यावर, टोकाच्या चार बोटं खाली,
कापूस अडकला.
एकच तंतू, कोळ्यानं अर्धवट सोडल्यासारखा.
"हे नाही," ती म्हणाली.

मी तीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
ताण म्हणजे काय, ते आता मला कापूस शिकवणार?
हे मी मोठ्यानं बोललो. आणखीही बरंच.
हंगाम तोंडावर, दुकानात आठ माणसं,
सगळी बाणांच्या पिसांकडे बघत होती.
सुटलेला बाण निदान गवतात शोधता तरी येतो.

चार तास गाडी हाकून ग्रीन बेला गेलो.
तिथं उजेड, कॉफी, "सर" म्हणणारा पोरगा.
दोन मिनिटांत दोरी चढली,
वर पुढच्या वेळेसाठी दहा टक्के सवलतीचं कुपन.

तिसऱ्या बाणाला
वरचं पातं बंदुकीसारखं बोललं.

भुवईवर सात टाके.
आठवड्यानं नर्स पुसायला आली, हलक्या हाताची,
आणि कापूस अडकला.
मी हसलो.
तिनं डॉक्टरला बोलावलं.

नोव्हेंबरात तलावावरून वारा असा येतो
की माणूस आपोआप वाकून चालतो,
त्यामुळे मी मान खाली घालून आत गेलो हे कुणाला कळलं नसावं.
काखेत उरलेली मूठ,
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा.
"पाय झटका."
झटकले.

तिनं भुवईकडे पाहिलं. मग माशाकडे.
"धूर जास्त झालाय," म्हणाली, आणि तो काउंटरखाली ठेवला.

माझा खिळा रिकामा नव्हता.
धनुष्य नसलेली चिठ्ठी तिथंच लोंबत होती:
'पेल्की. वरचं पातं गेलं. ऐकणार नाही.'
खाली पेन्सिलनं:
'जोडी मागवली, २९ ऑगस्ट.'

"मी येईन हे कशावरून?"
"तू नाहीतर डोरिस. मूठ विकायला."

पाती बसवली, दोरी चढवली,
मागं उभी राहून माझं कोपर बघत राहिली.
"ओढ."
ओढलं. हनुवटीपर्यंत आलं,
आणि हात थरथरला नाही.
किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही.

पात्यावर बारीक आकडा होता: अडतीस.
मी तोंड उघडलं.
मागे गसचा मुलगा आपलं प्लास्टिकचं छातीशी धरून उभा होता,
पुन्हा मोडलेलं.
मी तोंड मिटलं,
आणि त्याला पुढं जाऊ दिलं.